शेतावरचं कुत्र्यांचं घर: पाणी, गोचीड आणि बिबट्या

जुन्नर तालुक्यातल्या ऊसपट्ट्यात रात्री कुत्रं ओट्याला साखळीनं बांधून ठेवणं म्हणजे बिबट्याला पान वाढून ठेवणं. धनगर कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात तो उगीच नाही. म्हणून शेतावर कारवान जातीच्या दोन कुत्र्यांसाठी बंदिस्त घर बांधायला घेतलं. दिवाळीनंतर पाया खणला, फेब्रुवारीअखेर कुत्री आत गेली आणि खरी परीक्षा जूनमध्ये झाली. बऱ्याच ठिकाणी मापं फुटांत दिली आहेत, कारण गवंडी आणि वेल्डर फुटांतच बोलतात.

आधी आखणी. कारवान खांद्याला साधारण ६५ ते ७० सेंमी भरतो, लांब पायांचा, अंगावर चरबी नाही, केस आखूड. दोघांना शेजारी शेजारी दोन खण: प्रत्येकी ६ फूट रुंद, त्यात मागे ८ फूट छपराखालची खोली आणि पुढे १४ फूट मोकळं, पण वरून जाळीनं झाकलेलं अंगण. दोन्ही खणांच्या पुढे ४ फुटांची आडवी बोळ. एकूण १२ फूट बाय २६ फूट. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याचं ११ वं कलम पिंजऱ्यात पुरेशी हालचाल करता आली पाहिजे असं म्हणतं, आणि कायम कोंडलेल्या कुत्र्याला न फिरवणं हाही गुन्हा धरतं. खण कितीही मोठा केला तरी रोजचं फिरणं टळत नाही. उकरायची हौस शेतात भागवावी, घरात जमीन पक्कीच हवी.

खोली पश्चिमेला, अंगण पूर्वेला. इकडे पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो आणि उन्हाळ्यातलं दुपारनंतरचं ऊनही तिकडूनच, त्यामुळे एकच कोरी भिंत दोन्ही कामं करते. पूर्वेला सकाळचं कोवळं ऊन मिळतं आणि समोर राहतं घर दिसतं. माणसं दिसत राहिली की कुत्रं कमी भुंकतं. उसाच्या बांधाला लागून जागा होती, सोयीचीही होती, पण ती मुद्दाम सोडली. बिबट्या उसातून निघून थेट जाळीशी येऊन बसला तर जाळी कितीही भक्कम असो, आतल्या कुत्र्याचे रात्रभर हाल होतात.

जमीन काळी. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावर टाकलेला कोबा वर्षभरात नकाशासारखा तडकतो. घरापुढच्या अंगणात हे बघून झालेलं होतं. म्हणून पूर्ण १२ बाय २६ फुटांतली माती मुरूम लागेपर्यंत, म्हणजे अडीच फूट, काढली. तिथून मुरमाचा भराव सहा-सहा इंचाच्या थरांनी, प्रत्येक थराला पाणी मारून आणि धुम्मस ठोकून. एकदम दोन फूट भराव टाकून वरून पाणी सोडायचा सोपा सल्ला सगळे देतात. त्यात वरचा थर बसतो, खालचा पोकळ राहतो. भरावावर ६ इंच दगडी सोलिंग, म्हणजे दगडांचा थर, सुमारे दीड ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). त्यावर ४ इंच साधं काँक्रीट १:४:८ (सिमेंट, वाळू, खडी), त्याला सिमेंटची १० पोती गेली. वर २ इंच कोबा एम-२० या जास्त मजबूत काँक्रीटचा, त्याला १२ पोती. काटकोन तीन-चार-पाचच्या दोरीनं तपासला, पातळी पाण्याच्या नळीनं.

ढाळ दर फुटाला पाव इंच, पश्चिमेकडून पूर्वेकडे. २२ फुटांत साडेपाच इंच फरक पडतो. जोतं मागे १७ इंच ठेवलं, त्यामुळे पुढे साडेअकरा इंच उरतं, म्हणजे बोळीत चढायला दोन पायऱ्या. हा ढाळ पहिल्या थरापासून, म्हणजे भरावापासूनच द्यायचा. काँक्रीट सपाट टाकून फक्त कोब्यात ढाळ काढायला गेलं की एका टोकाला कोबा अर्ध्या इंचाचा होतो आणि तिथूनच पापुद्रे सुटतात.

फरशीचा मोह झाला होता. शहाबादी उन्हाळ्यात गार राहते, कुत्र्यांना आवडते, स्वस्तही पडते. पण तिचे सांधे म्हणजे गोचिडांची चाळ. गुळगुळीत टाइल तर नकोच. ओल्या टाइलवर मोठं कुत्रं मागच्या पायांत फाकतं. शेवटी कोबा. खोलीत लाकडी रंध्यानं थोडा खरखरीत ठेवून, अंगणात ओल्यावर झाडूचे ओरखडे मारून. ओरखडे ढाळाच्या दिशेनं मारायचे, आडवे मारले तर प्रत्येक रेघेत मूत साचतं. दोन खणांमधला सांधा बरोबर मधल्या भिंतीखाली आणला आणि लांबीत दर सात फुटांवर काचपट्टी बसवली. पट्टी कोब्याच्या सपाटीत येते, फट राहत नाही, तडा गेला तर तिच्या रेषेवरच जातो. सात दिवस आळी करून पाणी साठवलं. कुत्री मात्र आणखी तीन आठवड्यांनी सोडली. ताज्या सिमेंटचा क्षार पंजांना लागतो.

आता गोचीड, कारण भिंतींचा सगळा विचार तिच्याभोवती फिरतो. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड रक्त पिऊन झाली की खाली पडते आणि मग चढायला लागते. भिंतीवरून वर, छताच्या कोपऱ्यात, पत्र्याच्या खाचेत, फळीमागे. एक मादी फटीत काही हजार अंडी घालते आणि मरते. पिल्लं महिनोन्‌महिने उपाशी वाट बघू शकतात. कुत्र्याला कितीही चांगलं औषध लावा, घरातल्या फटी तशाच असतील तर गोचिडीतून पसरणारा एर्लिकिया आणि बबेसियाचा ताप फिरून दारात येतो. म्हणून घर बांधताना एकच प्रश्न दर सांध्याला विचारायचा: इथे पोस्टकार्डाची कड जाते का? जात असेल तर गोचीडही जाते.

भिंती सहा इंची भरीव सिमेंट ब्लॉकच्या. अंगणाच्या दोन्ही बाजूंना आणि मध्ये ३ फूट उंच, खोलीला चारी बाजूंनी, झरोके सोडून, पूर्ण. प्लास्टर १:४, वर शुद्ध सिमेंटचा घोटा, अगदी छतापर्यंत. गवंडी नेहमीच्या सवयीनं छपराखालचा वीतभर भाग उघडा सोडतात, ‘तिथं कोण बघतंय?’ म्हणून. तिथे गोचीड बघते. भिंत आणि जमीन जिथे मिळते तिथे दोन इंच गोलाईचा वाटा मारून घेतला, गच्चीवर मारतात तसाच. काटकोनी कोपऱ्यात केस आणि घाण अडकते, तिथे खराटा पोचत नाही, वाट्यावरून पाण्याच्या झोतानं सुटून येते. पहिल्या उन्हाळ्यानंतर प्लास्टरला केसासारखे तडे आले, ते सिमेंटच्या घोळानं भरून घ्यावे लागले. हे दरवर्षीचं काम आहे असंच धरावं.

तीन फुटांच्या भिंतीचा दुसरा उपयोग असा की दोन कुत्री बसल्या बसल्या नाकाला नाक लावू शकत नाहीत, खाण्यावरून जाळीआडून होणारी भांडणं कमी होतात. उभं राहिलं की कारवानची मान भिंतीवर येते, त्यामुळे त्याला बाहेरचं दिसतंही. तिसरा उपयोग हिशेबाचा. वेल्डमेश, म्हणजे वेल्ड केलेल्या तारांची जाळी, ४ फूट रुंदीच्या गुंडाळीत मिळते: ३ फूट भिंत आणि ४ फूट जाळी मिळून ७ फूट उंची, वर छताला १२ फुटांत चार-चार फुटांच्या तीन पट्ट्या, बोळीवर एक. कापाकापी जवळजवळ नाहीच. जाळीचं क्षेत्रफळ ६०८ चौरस फूट आलं. ४ फूट बाय ५० फुटांच्या तीन गुंडाळ्या थोडक्यात कमी पडतात, म्हणून चौथी घेतली आणि उरलेली खोलीच्या झरोक्यांना वापरली.

जाळी २ इंच बाय २ इंच, १० गेज, म्हणजे सव्वातीन मिलिमीटर तार. दुकानदार १४ गेज पुढे करतात, ती दोन मिलिमीटरची असते, कोंबड्यांना ठीक. चेनलिंक घेऊ नये. तिची तार एकात एक गुंतलेली असते, एक तार कुत्र्यानं दातानं तोडली की ती उसवत जाते. शिवाय तिच्यावर पाय देऊन कुत्रं चढतं. पिल्लं ठेवायची असतील तर खालच्या भागाला एक इंची जाळी लागेल.

सांगाडा ४० बाय ४० बाय ५ मिमीच्या लोखंडी काटकोनी पट्टीचा, म्हणजे अँगलचा. इथे एक पेच येतो, जो नेहमीच्या नकाशांत दिसत नाही. कुत्र्याचा धक्का आतून बाहेर येतो, म्हणून जाळी अँगलच्या आतल्या अंगाला लावायची पद्धत आहे. धक्का बसला की ती अँगलवर टेकते, वेल्डिंगवर ताण येत नाही. बिबट्याचा धक्का मात्र बाहेरून आत. तेव्हा आतून लावलेली जाळी फक्त वेल्डिंगच्या ठिपक्यांवर तग धरते, आणि ठिपके गंजले की सुटते. उपाय साधा आहे. जाळी अँगल आणि २५ बाय ३ मिमीच्या लोखंडी पट्टीमध्ये चिमटीत धरायची आणि दर नऊ इंचांवर आरपार बोल्ट. मग धक्का कुठूनही येवो. वेल्डरला हे पटायला वेळ लागतो, कारण भोकं पाडायचं काम वाढतं. पण पुढे एखादी पट्टी बदलायची झाली तर ग्राइंडर न लावता पाना पुरतो. छताच्या जाळीला दर ४ फुटांवर अँगलचा आडवा आधार दिला, नाहीतर वानरांच्या उड्यांनी तिला झोळ येतो.

दारांचा पेचही तोच. कुत्र्याच्या खणाचं दार आत उघडणारं असावं, म्हणजे कुत्र्यानं आतून ढकललं तर ते चौकटीवर घट्ट बसतं, कडी तुटली तरी उघडत नाही. पण आत उघडणारं दार बाहेरून ढकललं तर उघडतंच. म्हणून पुढे ती ४ फुटांची बोळ. बोळीचं बाहेरचं दार बाहेर उघडणारं, बिबट्या ढकलेल तेवढं चौकटीवर दाबलं जाणारं. खणाचं दार आत उघडणारं. दोन्ही दारं एका वेळी उघडायची नाहीत, हा घरातल्या पोराटोरांसकट सगळ्यांना एकच नियम. खायला घालताना कुत्रं पायांमधून निसटलं तर फार तर बोळीत जातं.

खणाच्या दारात एक चूक हमखास होते. जमिनीला ढाळ पूर्वेकडे, म्हणजे दारातून आत जाताना जमीन चढती. अडीच फुटांचं दार आत उघडलं की त्याच्या टोकाखाली जमीन पाऊण इंचाला थोडी कमी एवढी वर आलेली असते. दाराखाली नेहमीची अर्धा इंच फट ठेवली तर दार मध्येच घासून अडतं. फट दीड इंच ठेवली, पाणीही तिच्यातूनच बाहेर जातं. वरच्या बिजागरीची पिन उलटी, म्हणजे खाली तोंड करून लावली, नाहीतर खालून नाक घालून उचललं की दार पिनांवरून निघतं. नुसता टॉवर बोल्ट कुत्रं चाटून चाटून सरकवतं. सरकत्या कडीला स्प्रिंगचा हूक अडकवावा. बोळीच्या दाराची कडी आतूनही हाताला लागली पाहिजे, नाहीतर कधी तरी माणूसच आत अडकतो.

छपराला ४० मिमीचं पफ पॅनेल (दोन पत्र्यांमध्ये फोम) घेतलं, मागे साडेसहा फूट आणि पुढे साडेसात फूट उंचीवर, मागे २ फूट पाखं बाहेर. साधा पत्रा निम्म्याहून स्वस्त पडतो, पण मे महिन्यात त्याच्याखाली हात धरवत नाही. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून गार होतं, आणि दमट कोंदट खोलीत धापांचाही उपयोग होत नाही. पत्राच घालायचा असेल तर वरून चुना मारावा आणि फूटभर उंचीवर शेडनेट ताणावी. पत्रा आणि खाली छत असा दुहेरी प्रकार कागदावर चांगला दिसतो, पण मधली पोकळी उंदीर आणि गोचीड भाड्यानं घेतात. पॅनेलच्या उघड्या कडांना पत्र्याची टोपी लगेच बसवावी. ‘नंतर बसवू’ म्हणून दीड महिना राहिली, तेवढ्यात मुंग्यांनी फोम पोखरून वारूळ केलं आणि दोन फूट पॅनेल कापून टाकावं लागलं.

खोलीच्या पुढच्या भिंतीत कुत्र्याचं दार २ फूट बाय अडीच फूट, मधोमध नाही, एका कडेला. मग दुसऱ्या कोपऱ्यातल्या खाटेवर झड येत नाही. त्या भिंतीचा वरचा अडीच फूट भाग नुसता जाळीचा, आणि मागच्या भिंतीला पाख्याखाली सहा इंचांची जाळीची पट्टी. गरम हवा चढत्या छपराच्या कडेनं पुढून निघून जाते.

खाट जमिनीपासून ७ इंच, पाऊण इंची जीआय पाइपच्या चौकटीवर ट्रकच्या ताडपत्रीचं जाड कापड. कापडाची कड चौकटीखाली वळवून वरून लोखंडी पट्टीनं आवळली, कारण कुत्र्याला कड सापडली की संध्याकाळपर्यंत खाट उरत नाही. नवार लवकर कुरतडली जाते, आणि फळ्यांच्या खाटेत पुन्हा फटी आल्या. गोणपाट अजिबात नको. थंडीत पारा दहाच्या खाली उतरतो आणि कारवानला ते सोसत नाही. तेवढ्यापुरती १९ मिमी बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्यानं न सुटणाऱ्या, प्लायची पेटी, आतून ४ फूट बाय अडीच फूट, पावणेतीन फूट उंच, झाकण बिजागरीवर उघडणारं. नोव्हेंबरला आत, मार्चला बाहेर उन्हात. बाराही महिने आत ठेवली तर उन्हाळ्यात भट्टी होते.

रंगाबाबत सावध राहावं. घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या वर नको, हा नियम २०१७ पासून आहे, पण तो घरगुती आणि सजावटीच्या रंगांना. कारखान्यातल्या लोखंडासाठीच्या रंगाचा स्वस्त डबा त्यात मोडेलच असं नाही, आणि कुत्रं जाळी चाटतं. डब्यावर शिसं नसल्याचं लिहिलेलं असेल तोच घ्यायचा. रेड ऑक्साइडचा हात जाळी चिमटीत बसवण्याआधी द्यायचा, नंतर ब्रश आत पोचत नाही.

जूनमध्ये दोन गोष्टी फसल्या. खणांच्या पुढे, बोळीत, ६ इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून त्याची गटार कोब्यात बसवली होती, कुत्र्याचं तोंड पोचणार नाही अशी. तिला १२ फुटांत जेमतेम एक इंच ढाळ होता. जमिनीचा पाव इंचाचा हिशेब गटाराला लावायचा राहून गेला. केस, पानं आणि चिखल मिळून लगदा व्हायचा आणि पाणी दाराखाली फुगायचं. गटार उखडून ३ इंच ढाळ दिला, शोषखड्ड्याच्या तोंडाला १२ मिमी जाळीची टोपली ठेवली. टोपलीतले केस दर दोन दिवसांनी काढावे लागतात.

दुसरं, शोषखड्डा. ४ बाय ४ बाय ४ फूट, दगड-विटांच्या तुकड्यांनी भरलेला, धुण्याच्या पाण्याला भरपूर. पण अंगणाला वरून फक्त जाळी. १६८ चौरस फुटांवर २ इंचांची एक सर पडली की २८ घनफूट पाणी, आणि ६४ घनफुटांच्या भरलेल्या खड्ड्यात पोकळी फार तर २५. पहिल्याच मोठ्या सरीत खड्डा ओसंडला. आता गटाराला दोन तोंडं आहेत आणि एक बूच. कुत्री बाहेर काढून आधी शेण-विष्ठा उचलायची, धुवायचं ते पाणी शोषखड्ड्यात, पाऊस आला की बूच फिरवून पाणी चरात. छपराचं पाणी पन्हळीनं आधीपासूनच वेगळं, ते कधीच या गटारात येत नाही. विष्ठेसाठी झाकणाचा वेगळा खड्डा, विहिरीपासून लांब. ते खत भाजीला घालायचं नाही, गोल जंतांची अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात.

धुताना क्रम चुकवू नये. आधी घाण उचलणं, मग साधं पाणी आणि खराटा, मग जंतुनाशक. घाणीवर ओतलेलं ब्लीच फुकट जातं, आणि मुतावर ओतलं तर डोळ्यांना झोंबणारा विषारी वायू सुटतो. पार्व्हो या कुत्र्यांच्या विषाणूसाठी ब्लीच चालतं: पाच टक्क्यांच्या घरगुती ब्लीचचं ३३० मिली, १० लिटर पाण्यात, दहा मिनिटं ओलं ठेवून मग धुऊन वाळवायचं. काळं फिनेल कुत्र्यांच्या घरात नको, त्यातली फिनॉलची द्रव्यं पंजांवाटे आणि चाटून पोटात जातात. गोचिडांसाठी दर उन्हाळ्यात एकदा, कुत्री दूर बांधून, खाट-पेटी-कापड बाहेर काढून, भिंतींचे कोपरे गॅसच्या ज्योतीनं शेकून घेता येतात. पफ पॅनेलपासून मात्र हातभर लांब राहायचं.

रात्री ताटलीत अन्न ठेवायचं नाही. अन्नामागे उंदीर, उंदरांमागे नाग-घोणस, आणि उंदरांच्या मुतातून पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचा आजार. पाण्याची स्टीलची बादली भिंतीवरच्या कड्यात, जमिनीपासून फूटभर वर. दिव्याची वायर खोलीबाहेरून, नळीतून, आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे वीज जमिनीत गळू लागली की लाइन तोडणारा स्विच. ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या कुत्र्याला साधा फ्यूज वाचवत नाही.

सगळ्यात आधी गंजले ते बोळीलगतचे खांब, आणि तेही एकाच बाजूनं. अँगल कोब्यात रोवले नव्हते, ४ इंचाच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर पाटा बसवून उभे केले होते, तेवढं पुरेल असं वाटलं होतं. पण नर पाय वर करतो तो खांबालाच, आणि धार पडते फूटभर उंचीवर. दिवाळीच्या सुमारास तिथला रंग फुगला होता. घासून, रेड ऑक्साइड मारून प्रत्येक खांबाभोवती १४ इंच उंचीची काँक्रीटची गुंडाळी ओतली, वरच्या तोंडाला बाहेरच्या बाजूला ढाळ देऊन.